पठारावर एक्झोरा वाढवताना

कोकणात आणि गोव्यात कुंपणाशी लालभडक गुच्छांनी लगडलेला एक्झोरा पाहिला, की या झाडाची कोणी फारशी निगा राखत असेल असे वाटत नाही, आणि बहुतेक ठिकाणी कोणी राखतही नाही. तेच झाड पुण्यात किंवा सोलापुरात लावले, तर बरेचदा काही महिन्यांतच कोवळी पाने पिवळी पडू लागतात, फुले रोडावतात आणि घरचे लोक पाणी व खत वाढवत राहतात. कमतरता त्या दोन्हींची नसते. अडचण मातीच्या सामूची (pH), म्हणजे ती किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याची असते.

कॉफीच्या कुळातील हे सदाहरित झुडूप मूळचे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले असून त्याला आम्लधर्मी, म्हणजे साधारण 5 ते 6.5 सामू असलेली माती मानवते. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असते. पठारावरची काळी माती मात्र बहुधा चुनखडीयुक्त असते, तिचा सामू अनेकदा 8 च्या आसपास जातो आणि अशा मातीत लोह भरपूर असले तरी ते मुळांना घेता येत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला, तर ती लोहाच्या कमतरतेची खूण समजावी. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडत असण्याची शक्यता अधिक असते.

म्हणून पठारावर एक्झोरा शक्यतो कुंडीतच लावावा, कारण कुंडीतली माती आपल्या हातात राहते. किमान 12 इंची कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत सम प्रमाणात भरावे व तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत, कारण मुळांशी पाणी साचलेले या झाडाला चालत नाही. जमिनीतच लावायचे असल्यास दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन त्यातील माती बदलावी, आणि जागा सिमेंटच्या भिंतीपासून दूर निवडावी, कारण भिंतीतून झिरपणारा चुना सामू वाढवतो. अंड्यांची टरफले आणि चुलीतली राख हल्ली प्रत्येक कुंडीत घालण्याची हौस दिसते. एक्झोराच्या बाबतीत ती आवरलेली बरी, कारण दोन्ही पदार्थ मातीला नेमके उलट दिशेने नेतात. बोअरचे जड पाणीही हळूहळू तेच करते, त्यामुळे जमेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

झाड पिवळे पडलेच, तर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. या द्रावणाचे तांबूस डाग फरशीवरून सहज जात नाहीत, तेव्हा कुंडी आधी बाजूला घ्यावी. फवारणीचा परिणाम तात्पुरता असतो. मातीतून लोह द्यायचे झाल्यास चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेले लोह घेताना पाकिटावर ईडीडीएचए हा प्रकार लिहिलेला आहे का ते पाहावे. अधिक प्रचलित असलेला ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत फारसा टिकत नाही.

रोज पाच-सहा तास ऊन मिळाले तर फुले भरपूर येतात. सावलीत फांद्या नुसत्या लांबतात. गुच्छ नव्या फांद्यांच्या टोकांना येत असल्याने बहर ओसरल्यावरच छाटणी करावी. कुंपण सतत कातरून चौकोनी ठेवणारे लोक कळ्याही कातरून टाकतात, आणि मग झाड फुलत नाही अशी तक्रार करतात. फुलांच्या लांब नळ्यांतला मध प्यायला फुलपाखरे येतात, तेव्हा काही झुडपे मोकळी वाढू द्यावीत असे मला वाटते.

नवी रोपे पावसाळ्यात अर्धपक्व फांद्यांच्या 10 ते 15 सेंटिमीटर लांबीच्या छाटकलमांपासून होतात. खालची पाने काढून, टोकाला मूळवर्धक पावडर लावून ती सावलीत दमट ठेवावीत, म्हणजे महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. किडींपैकी पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांकडे लक्ष ठेवावे. पानांवर काजळीसारखा काळा थर किंवा फांद्यांवर मुंग्यांची रांग दिसली, तर पानांची खालची बाजू तपासावी आणि लिटरभर पाण्यात 5 मिलीलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे.