लांबच्या विमानतळावर वडाप नसतं : स्वस्त तिकीट काढताना या चुका टाळा

फ्रँकफर्टला राहून बारा वर्षं झाली. नव्यानं आलेल्या मराठी पोरांचा फोन गुरुवारी-शुक्रवारी वाजला की पहिलं वाक्य काय असणार ते मला पाठ आहे. "दादा, मिलानचं तिकीट वीस युरोत मिळालं!" मी विचारतो, "कुठून?" "फ्रँकफर्टहूनच की." "मेन विमानतळ का हान?" मग पलीकडे शांतता. मोबाईलवर तिकीट उघडून बघितलं जातं. हान.

फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टच्या पश्चिमेला सुमारे 120 किलोमीटरवर आहे, हुन्सऱ्यूक नावाच्या पठारावर. पूर्वी अमेरिकी हवाई दलाचा तळ होता. आजूबाजूला शेतं आणि झाडी. प्रवासी रेल्वे तिथे जात नाही, राज्यसुद्धा वेगळं. साताऱ्याला विमान उतरवायचं आणि पाटीवर 'पुणे' लिहायचं, तसला प्रकार. आणि हे एकट्या हानचं नाही. पॅरिस म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून 85 किलोमीटरवर आहे, म्युनिकच्या नावानं खपणारं मेमिंगेन शंभराच्या पुढे, स्टॉकहोमचं स्काव्स्ता शंभरावर, बार्सिलोनासाठीचं जिरोना नव्वदवर. तिकिटावर शहराच्या नावापुढे जोडरेघ मारून दुसरं नाव आलं की थांबायचं आणि नकाशा उघडायचा. एवढं एक मिनिटाचं काम कुणी करत नाही, कारण बाजूला "या दरात फक्त 2 सीट शिल्लक" असं लाल अक्षरात चमकत असतं.

भारतात बसून यावर हसायला नको. गोव्याला 2023 च्या जानेवारीपासून दोन विमानतळ झालेत, पेडण्याकडचा मोपा आणि जुना दाबोळी. काणकोणला पाळोळ्याच्या किनाऱ्यावर खोली घ्यायची आणि शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून मोप्याला उतरायचं, म्हणजे अख्खा गोवा उभा कापत जायचं. हे करणारे माझ्याच नात्यात आहेत.

तिकिटाची किंमत म्हणजे सहलीची किंमत नव्हे

माझा हिशेब मी वहीत करतो. दर बदलतात, म्हणून आकडे साधारण समजा, पण रीत बघा. दोघं जण, मिलान, जाऊन-येऊन. तिकिटं वीस युरोची चार, झाले 80. फ्रँकफर्टहून हानची बस माणशी वीसच्या आसपास, चार वेळा, आणखी 80. पलीकडे विमान उतरणार मिलानला नाही, बेर्गामोला. तिथून मिलानच्या मुख्य स्टेशनपर्यंतची बस दहा-दहाची, म्हणजे 40. आणि सीटखाली मावते त्यापेक्षा मोठी एक बॅग, येताना-जाताना मिळून 50. झाले अडीचशे. ज्याला वीस युरोचं तिकीट म्हणत होतो ते माणशी सव्वाशेला पडलं.

आता त्याच तारखांना फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावरून मिलानच्या लिनाते विमानतळाचं जाऊन-येऊन माणशी दीडशेचं तिकीट दिसत असेल, तर पोरं म्हणतात, "दादा, तरी पंचवीस वाचले!" वाचले ना. पण मुख्य विमानतळ शहराच्या स्टेशनपासून लोकलनं पाव तासावर आहे, आणि लिनातेहून मिलानच्या मध्यात मेट्रोची चौथी लाइन तेवढ्याच वेळात नेते. हानची बस पावणेदोन तास, बेर्गामोची तासभर. दोन्ही वेळचं धरलं तर शनिवार-रविवारच्या सहलीतले साडेपाच तास बसच्या खिडकीला डोकं टेकून गेले. मी माझ्या तासाला दहा युरो लावतो. कुणी पाच लावा, कुणी वीस. पण शून्य लावू नका. शून्य लावणारा माणूस रविवारी रात्री घरी आल्यावर "दमलो यार, काही बघून झालं नाही" म्हणतो आणि दोष मिलानला देतो.

उलटही होतं, हे सांगायला हवं. मिलानचंच मालपेन्सा, जे 'मोठं' विमानतळ म्हणून लोक डोळे झाकून घेतात, तेही शहरापासून जवळपास 50 किलोमीटरवर आहे, बेर्गामोइतकंच लांब. म्हणजे तिथे स्वस्तात बेर्गामो मिळत असेल तर बिनधास्त घ्या. मोठं म्हणजे जवळ आणि छोटं म्हणजे लांब, असा काही नियम नाही.

शेवटची बस

बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. ही मी स्वतः केली आहे, आई-बाबांना सोबत घेऊन.

2017 चा नोव्हेंबर. दिवाळी करून दोघं सांगलीहून आलेले. मी मोठ्या तोऱ्यात चार दिवसांची मिलानची सहल आखली होती. परतीचं विमान रात्री दहाच्या सुमारास हानला उतरणार, शेवटची बस त्यानंतर पाऊण तासानं. पाऊण तास म्हणजे भरपूर, असं मला वाटलं, कारण हातात छोट्या बॅगाच होत्या. हान समुद्रसपाटीपासून 500 मीटर उंचीवर आहे आणि नोव्हेंबरात त्या पठारावर धुकं किती दाट उतरतं, याचा विचार मी केला नव्हता. विमान वरच घिरट्या घालत राहिलं. उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बस गेलेली.

मला वाटत होतं, विमानाला उशीर झालाय म्हटल्यावर बस थांबेल. का थांबेल? बसवाला वेगळा, विमानवाला वेगळा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि विमान कंपनीची जबाबदारी तिकिटावर लिहिलेल्या विमानतळापर्यंत. तिनं मला हानला आणून सोडलं, तिचं काम झालं. धुक्यामुळे विमान दुसऱ्याच शहरात उतरवलं असतं, तरी त्यांनी आम्हाला हानपर्यंतच आणून सोडलं असतं, फ्रँकफर्टला नाही.

टर्मिनल उघडं होतं, दुकानं बंद. आईनं पिशवीतून शेवटच्या दोन दशम्या काढल्या. बाबा बाहेर जाऊन धुक्यात रस्ता न्याहाळून आले आणि म्हणाले, "अरे, आपल्याकडं एसटी चुकली तर वडाप तरी मिळतं. इथं काहीच न्हाई?" काहीच नाही. जवळच्या गावातून फोनवर टॅक्सी बोलावली, ती पन्नास मिनिटांनी आली. घरी पोचलो पहाटे अडीचला. मीटर 248 युरो 60 सेंटवर थांबलं. सहलीच्या तिघांच्या सगळ्या विमान तिकिटांची बेरीज त्याच्या निम्मीही नव्हती.

तेव्हापासून मी सहल उलटी आखतो. आधी परतीच्या दिवसाची, परतीच्या विमानतळावरची शेवटची बस शोधतो. रविवार असेल तर रविवारचंच वेळापत्रक, हिवाळा असेल तर हिवाळ्याचंच. त्या वेळेतून दोन तास वजा करतो. विमान त्याआधी उतरत नसेल तर फुकट दिलं तरी घेत नाही. हे सगळं जमलं की मग जायचं तिकीट, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. पोरं याच्या बरोबर उलट करतात. आधी हॉटेल, तेही 'नॉन-रिफंडेबल', कारण दहा टक्के सूट.

तसंच पहाटेचं. साडेसहाचं विमान स्वस्त दिसतं, कारण त्याला माणसं मिळत नाहीत. लांबच्या विमानतळावर साडेसहाचं विमान म्हणजे चारच्या आत बस, म्हणजे तीनला उठणं. आणि काही छोटे विमानतळ रात्री टर्मिनलला कुलूप लावतात, तेव्हा "रात्री तिथेच बाकावर झोपू" हा बेत आधी तपासून घ्या. मी पहाटेचं विमान घेतलंच तर आदल्या रात्री विमानतळाच्याच गावात मुक्काम करतो आणि त्याचे पैसे तिकिटात धरतो.

हॉटेलबद्दल एकच सवय सांगतो. विमानतळाची बस शहरात जिथे थांबते, तिथून बॅग ओढत दहा मिनिटांत पोचता येईल असं. प्रेक्षणीय स्थळाजवळचं नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी

आपल्या ऑफिसातला जर्मन मित्र फोनवरचा बोर्डिंग पास दाखवत सरळ आत जातो, म्हणून आपणही जाऊ, ही चूक फार महागात पडते. काही स्वस्त कंपन्यांमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्या पासपोर्टवाल्यांनी सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर जाऊन व्हिसा-कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. रांग मोठी असते आणि काउंटर उड्डाणाच्या 40 मिनिटं आधी बंद होतो. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ हवीत. कार्डाचा फोटो दाखवून चालत नाही. आणि लंडन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, नाही. हे वाक्य मी वर्षातून चार वेळा तरी बोलतो.

ऑनलाइन चेक-इन घरीच करा. विमानतळावर करायला गेलात तर तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजाल.

शहराचा पास लांबच्या विमानतळापर्यंत चालेल असं धरू नका. बोव्हे पॅरिसच्या प्रदेशातच येत नाही, त्यामुळे पॅरिसचा पास तिथे निरुपयोगी. आपलं डॉइचलँड-टिकट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, खासगी विमानतळ-बसला नाही.

आणि कृपा करून भारतातून येणारं विमान मुख्य विमानतळावर आणि पुढचं त्याच दिवशी हानहून, असं जोडू नका. मालपेन्साला उतरून बेर्गामोहून उडणं किंवा लंडनच्या हीथ्रोला उतरून स्टॅनस्टेडहून, हेही तसलंच. ती दोन वेगळी तिकिटं असतात. पहिलं लेट झालं तर दुसऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. मधे एक रात्र ठेवा. "चार तास आहेत ना" म्हणणाऱ्यांना इमिग्रेशनच्या रांगेत उभं असताना मला फोन करायची सवय असते.

एक चूक मात्र उलट दिशेची

लांबच्या विमानतळाचं गाव ओलांडून लोक शहराकडे धावतात. बोव्हेला उतरणाऱ्या किती जणांनी तिथलं कॅथेड्रल पाहिलंय? आतलं छत 48 मीटर उंच, गॉथिक चर्चांमध्ये सगळ्यात उंच. हाव इतकी की 1284 मध्ये छताचा भाग कोसळला, पुन्हा बांधला, वर मनोरा चढवला, तो 1573 मध्ये पडला. पुढचा भाग मग कधी बांधलाच नाही. इमारत आजही अर्धवट उभी आहे. पॅरिसच्या बसमध्ये बसलेल्यांना यातलं काही ठाऊक नसतं.

बेर्गामो तर विमानतळापासून पाच किलोमीटरवर. खालचं गाव आणि वरचं जुनं गाव, मधे फ्युनिक्युलर म्हणजे दोरानं चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, भोवती व्हेनिसवाल्यांनी बांधलेली तटबंदी, जी 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. त्या सहलीत आम्ही शेवटच्या दिवशी मिलानहून सकाळीच निघून वरच्या गावात दुपार काढली होती. बाबांना फ्युनिक्युलर इतकी आवडली की ते दोनदा खाली-वर करून आले. तटावर बसून आईनं शेंगदाण्याचा लाडू काढला, समोर खाली सगळं मैदान उन्हात पडलेलं. रात्री काय वाढून ठेवलंय याची कुणालाच कल्पना नव्हती.

सांगलीला कुणी युरोपचा विषय काढला की बाबा अजून बेर्गामोची ती गाडी सांगतात. मिलानच्या दुओमो कॅथेड्रलचं नाव त्यांना आठवत नाही. टॅक्सीचा आकडा मात्र सेंटांसकट पाठ आहे.