पहिला संगणक स्वतःच्या हातांनी जोडताना

संगणक घरी जोडायचा ठरला की बहुतेकांचे लक्ष सर्वांत आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे जाते. माझा आग्रह असा आहे की पहिले लक्ष भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटकडे द्यावे. सॉकेटला वरचे मोठे छिद्र सगळीकडे असते, पण त्यामागे अर्थिंगची तार खरोखर जोडलेली असतेच असे नाही. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना धातूच्या कवचाशी जोडतात. अर्थिंग नसले, तर त्या कवचावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी अल्प असल्यामुळे हाताला केवळ झिणझिण्या जाणवतात, पण एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. माझ्या पहिल्या संगणकाला असेच होत असे. मनगट कॅबिनेटला टेकले की मुंग्या येत, आणि ही यंत्राची खोड असावी असे समजून मी कित्येक महिने दुर्लक्ष केले. म्हणून एकही भाग विकत घेण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटमधला दाब मीटरने तपासून घ्यावा. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या जवळपास आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच दिसले पाहिजेत.

पुढचे विवेचन हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष यंत्र समोर ठेवतो. माझ्या भाचीने अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर स्वतःचा संगणक स्वतःच जोडला आणि मी शेजारी बसून होतो. तिने एएमडीचा रायझन ५ ७६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स आकाराचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, फाइली साठवायला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा एसएमपीएस आणि पुढून जाळी असलेले कॅबिनेट घेतले. या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्यापुरते ग्राफिक्स आतच असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड तिने सहा महिने पुढे ढकलले. पहिल्यांदा जोडणाऱ्या प्रत्येकाने असाच प्रोसेसर घ्यावा असे मी म्हणेन, कारण पहिली चाचणी त्यामुळे फार सोपी होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर येते, त्यांत ग्राफिक्स नसतात, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

भाग निवडताना मुख्य प्रश्न असतो तो कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो हा. बोर्डावर प्रोसेसर बसण्याच्या जागेलाही सॉकेटच म्हणतात. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आले आणि ते फक्त डीडीआर५ रॅम स्वीकारते. त्याआधीचे एएम४ फक्त डीडीआर४ घेते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी असलेल्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे मिळतात, त्यामुळे तेथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम घेऊ नये. डीडीआर४ आणि डीडीआर५ पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही आणि जोर लावल्यास स्लॉट तुटतो. बोर्डाचा आकार कॅबिनेटमध्ये मावला पाहिजे. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ चा. नव्या पिढीचा प्रोसेसर आणि थोडा जुना बोर्ड एकत्र घेत असाल, तर बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या प्रोसेसरसाठी बायॉसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमची, कोणती आवृत्ती लागते ते पाहावे आणि बोर्डावर ती आधीच आहे का, हे दुकानदाराला विचारावे.

एसएमपीएसच्या बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करू देत नाही. इतर कोणताही भाग बिघडला तर तो एकटा जातो, पण हलका एसएमपीएस जाताना बोर्ड आणि एसएसडीलाही सोबत नेऊ शकतो. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस वापरू नये, निदान ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जात असल्याचे प्रमाणपत्र) दर्जाचा आणि नाव असलेल्या कंपनीचा घ्यावा. किती वॉटचा घ्यावा याचे गणित साधे आहे. रायझन ५ ७६०० वर ६५ वॉट असे लिहिलेले असले, तरी तो प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. पुढे ११५ वॉटचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड लावले आणि बोर्ड, पंखे, एसएसडी यांचे पन्नासेक वॉट धरले, तरी बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. ५५० वॉटमध्ये हे सारे निवांत बसते. एसएमपीएस उघडून पाहण्याचा मोह मात्र कधीही करू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक असू शकतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे अधिकृत नावाने डॉ. भडकमकर मार्गावर, एका दुपारी दहा दुकानांतले भाव विचारून होतात आणि ऑनलाइन भावाशी ताडूनही पाहता येतात. खरेदी कोठूनही करावी, पण प्रत्येक भागाचे जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. बिलाशिवाय काही रुपये कमी होतात, पण तीन वर्षांच्या वॉरंटीत पुढे अडचण येते.

जोडणीसाठी वर्दळ नसलेली, भरपूर उजेडाची जागा आणि मोकळा अर्धा दिवस हवा. हत्यार म्हणाल तर चुंबकी टोकाचा एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो. शरीरावरची स्थिर वीज ही पावसाळ्यात मुंबई-कोकणात फारशी जाणवत नाही, पण विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना जे चटचट वाजते ते चिपसाठी घातक असते. सुती कपडे घालावेत, गालिच्यावर बसू नये आणि कोणताही भाग उचलण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावावा.

आता बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवावा. कॅबिनेट अजून लागत नाही. एएम५ सॉकेटमध्ये १७१८ बारीक पिना बोर्डावर असतात आणि त्या केसासारख्या वाकतात, म्हणून प्रोसेसरच्या जागेवर बोट किंवा कापड फिरवू नये. सॉकेटच्या बाजूची दांडीसारखी धातूची तार दाबून, किंचित बाहेर ओढून वर उचलावी, धातूची चौकट उघडावी, प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि कडांना धरून प्रोसेसर अलगद ठेवून द्यावा. तो स्वतःच्या वजनानेच बसतो, वरून दाबायचा नसतो. चौकट मिटवून तार खाली दाबताना मात्र बराच जोर लागतो आणि कर्र असा आवाज येतो. भाचीने याच क्षणी हात आखडता घेतला होता, आणि ते स्वाभाविक आहे, पण प्रोसेसर नीट बसलेला असेल तर हा जोर अपेक्षितच असतो. त्याच वेळी चौकटीवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण टपकन उडते. ते आधी काढू नये आणि नंतर फेकूही नये, कारण बोर्ड वॉरंटीला पाठवताना पिना झाकण्यासाठी ते लागते.

रॅमच्या दोन पट्ट्या चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात, म्हणजे दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहिती वाहते. खाच जुळवून दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबली की ‘टक्’ असा आवाज येऊन खटका बसतो. एसएसडी तिच्या स्लॉटमध्ये तिरकी सरकवावी, आडवी दाबावी आणि टोकाला छोटा स्क्रू लावावा. एसएसडीवरची उष्णता शोषणारी धातूची पट्टी लावण्यापूर्वी तिच्या चिकट पॅडवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा सोलायला विसरू नये.

या प्रोसेसरबरोबर खोक्यात कूलर येतो आणि त्याच्या तळाला राखाडी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नये. बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन कंस चार स्क्रू काढून बाजूला करावेत, कूलर सरळ खाली टेकवावा आणि त्याचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरप्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे कोपरे घेत, प्रत्येकी दोन-दोन फेरे असे आवळावेत. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर पेस्ट दुसऱ्या बाजूला सरकते. वेगळा कूलर घेतला असेल, तर मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. शेवटी पंख्याची तार ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागी लावावी.

सगळे कॅबिनेटमध्ये भरण्यापूर्वी खोक्यावरच चाचणी घ्यावी, हा माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे. एसएमपीएसची २४ पिनांची जाड तार आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची तार लावावी. प्रोसेसरची ८ पिनांची तार चार-चार अशी दुभंगते, तर ग्राफिक्स कार्डाची सहा-दोन अशी. दोन्ही दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांतली वीज उलट क्रमाने येते, म्हणून तारेवरची अक्षरे वाचूनच जोडणी करावी. त्याच कारणाने एका कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडावा, एसएमपीएसचे बटण सुरू करावे आणि बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे.

पंखा फिरला. चित्र मात्र आले नाही. “मामा, स्क्रीन काळीच आहे, काही जळलं का?” भाचीचा आवाज बारीक झाला होता. मी तिला हात मागे घ्यायला सांगितले आणि आम्ही घड्याळ लावून बसलो. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिच्या प्रत्येक मार्गाची वेळ जुळवून पाहतो आणि त्यात काही मिनिटे सहज जातात. घाबरून मध्येच वीज बंद केली तर पुन्हा सुरुवातीपासून वाट पाहावी लागते. आमच्या बोर्डावर ‘डीआरएएम’ नावाचा, म्हणजे रॅमचा, छोटा दिवा पेटलेला होता. तो विझला आणि चौथ्या मिनिटाला बायॉसचा पडदा उजळला. दहा-पंधरा मिनिटांनंतरही तो दिवा विझला नाही, तर वीज बंद करून रॅमची एकच पट्टी ठेवून पाहावे. ‘सीपीयू’चा दिवा असेल तर बहुधा ८ पिनांची तार राहिलेली असते.

चाचणी झाली की तारा काढाव्यात आणि कॅबिनेट आडवे घालावे. बोर्डाच्या छिद्रांखाली पितळी खुंट्या नेमक्या त्याच जागी आहेत का, हे मोजून पाहावे, कारण भलत्या जागी राहिलेली एक खुंटी बोर्डाच्या मागून शॉर्ट करू शकते. बोर्डाच्या पोर्टांभोवतीचा पाठीमागचा पत्रा सुटा असेल तर तो आधी आतून बसवावा. एकदा त्याची पातळ जीभ इंटरनेटच्या पोर्टमध्ये घुसून मला सगळे पुन्हा खोलावे लागले होते, म्हणून बोर्ड टेकवताना मागून डोकावून पाहणे बरे. पंख्यांची दिशाही येथेच ठरते. ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे ध्यानात घेऊन पुढचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचा बाहेर टाकणारा ठेवावा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, तेथे पुढून काचेचे बंद कॅबिनेट घेणे मी चूक मानतो.

पुढच्या बटणांच्या बारीक तारांचे काम किचकट असते. बोर्डाच्या पुस्तिकेतला तो एक आकृतीचा पानभर भाग मोबाइलवर मोठा करून समोर ठेवावा. बटणांच्या तारा उलट लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र अधिक-उणे पाहूनच लावाव्या लागतात.

बायॉसमध्ये गेल्यावर प्रोसेसरचे तापमान पाहावे. काही काम चालू नसताना ते चाळीस-पन्नास अंशांत असावे. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, आणि नुसत्या बायॉसमध्येच पारा तिकडे धावू लागला तर कूलर नीट टेकलेला नाही असे समजून यंत्र लगेच बंद करावे. रॅम तिच्या छापील वेगाने आपोआप चालत नाही, त्यासाठी ‘एक्स्पो’, इंटेलच्या बोर्डावर ‘एक्सएमपी’, हा पर्याय निवडावा लागतो. त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीलाही पुन्हा काही मिनिटे काळा पडदा दिसू शकतो.

विंडोज ११ साठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार करून ठेवावा आणि त्यातच बोर्डाचा नेटवर्क ड्रायव्हरही (इंटरनेटची जोडणी चालवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकून ठेवावा, कारण नव्या बोर्डाचे वायफाय स्थापनेच्या वेळी बरेचदा ओळखले जात नाही. परवान्याचा खर्च टाळायचा असेल, तर चोरीच्या प्रतीपेक्षा लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत कार्यप्रणाली वापरावी.

सर्व खोकी, बिले आणि काढलेले कंस एका पिशवीत माळ्यावर जपून ठेवावेत. ग्राफिक्स कार्ड आणाल त्या दिवशी प्लग काढून, कॅबिनेटच्या मागच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या सोडवून ते वरच्या लांब स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत बसवावे, त्याची स्वतःची तार लावावी आणि मॉनिटरची तार बोर्डावरून काढून कार्डावर न्यावी.