कायद्यावर वाद घालण्याआधी तीन रकाने आखा

कायदा शिकवायचो तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर तीन रकाने आखायचो. आता निवृत्त झालोय, तरी घरात एखाद्या कायद्यावरून आवाज चढले की मी कागद पुढे ओढतो. रकाने असे : हा कायदा आहे का? तो न्याय्य आहे का? यात राज्यसंस्थेने पडावं का?

पहिल्या रकान्यात राग उतरवू नका. ‘हा कसला कायदा!’ हे वाक्य दुसऱ्या रकान्यातलं. पहिल्यात एवढंच लिहा : तो कुणी केला, तो करायचा अधिकार त्यांना होता का, तो लोकांना आधी कळवला होता का, आणि पाळता येण्याजोगा आहे का. हे सोपं वाटतं, पण एक खटला घेऊन बघा. 1944 साली जर्मनीत एका बाईने नवऱ्याचा काटा काढायला, तो हिटलरविरुद्ध बोलल्याची खबर दिली. त्याला मृत्युदंड झाला. पुढे फाशीऐवजी त्याला आघाडीवर धाडलं. 1949 मध्ये न्यायालयाने त्या बाईला दोषी ठरवलं. पण तिने तर तेव्हाच्या कायद्याचाच आधार घेतला होता! 1958 मध्ये यावर हार्ट आणि फुलर हे कायद्याचे दोन तत्त्वज्ञ भिडले. हार्टचं म्हणणं : तो कायदा दुष्ट होता, पण कायदाच होता, तिला शिक्षा करायचीच, तर पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या कृत्यांनाही लागू होणारा, कायदा करा आणि तसं उघड कबूल करा. फुलरच्या मते गुप्त फर्मानांवर आणि मागाहून लागू केलेल्या हुकमांवर चालणाऱ्या राजवटीला कायद्याचं राज्यच म्हणता येत नाही. मी बरीच वर्षं फुलरकडे झुकलो होतो. आता हार्ट पटतो, कारण वाईट कायद्याला कायदा म्हटलं तरच तो मोडण्याची जबाबदारी माणसाला स्वतःच्या खांद्यावर घ्यावी लागते.

दुसरा रकाना ज्याच्या त्याच्या विवेकाचा. भरा आणि पुढे चला.

तिसऱ्यात आधी इजा कुणाला होते ते लिहा. 1859 मध्ये जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश तत्त्वज्ञाने सांगितलं की, सज्ञान माणसावर सक्ती करायची ती फक्त दुसऱ्याची हानी टाळण्यासाठी. 1957 च्या वुल्फेंडन या ब्रिटिश सरकारी समितीच्या अहवालाने याच धर्तीवर म्हटलं की, प्रौढ पुरुषांमधले संमतीचे खाजगी समलैंगिक संबंध गुन्हा धरू नयेत. ब्रिटिश न्यायमूर्ती डेव्हलिन यांना ते पटलं नाही. सामायिक नीती ढासळली तर समाज विस्कटतो, असं ते म्हणत. तुमच्या रकान्यात नुसती किळस उतरली असेल आणि इजा झालेलं एकही माणूस सापडत नसेल, तर शिक्षा खोडा. इथे मी अजिबात मागे हटत नाही.

मग उलट बाजूने तपासा. बुडणाऱ्या अनोळखी मुलाला न वाचवणं अनैतिक, याबद्दल तिन्ही रकाने भरणाऱ्यांत सहसा दुमत नसतं. तरीही इंग्लिश कायद्यात परक्या माणसावर वाचवण्याची सर्वसाधारण जबाबदारी नाही. फ्रान्समध्ये मात्र मदत नाकारणं गुन्हा आहे, अट इतकीच की मदत करण्यात स्वतःला किंवा इतरांना धोका नसावा. त्या अटीसह मी फ्रेंच बाजूला आहे. तुमचं उत्तर तिसऱ्या रकान्यात लिहा, आणि ती अट काढली तर ते बदलतं का, तेही शेजारीच नोंदवा.