स्वमग्न मुलावर घरच्या घरी माहितीपट करायचा असेल तर

इंदूरला माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. ताईचा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे आणि तो बोट धरून चालायचा तेव्हापासून मी त्याचं शूटिंग करतोय. आता त्याला मिसरूड फुटलंय. तसल्याच मुलांचे आईवडील मला विचारतात, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?

कॅमेरा नंतर. आधी ठरवा की ही फिल्म सगळ्यात आधी कोण बघणार. माझ्या मते, तो स्वतः. पंचविशीत त्याने ती बघितली तर मान खाली घालावी लागू नये. त्यामुळे मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन पोराचा स्वतःवरचा ताबा सुटतो ती वेळ, शूट करायचा नाही. ‘खरं तेच दाखवायला हवं’ म्हणणारे भेटतील. अहो, त्या वेळी पोराला शांत खोली हवी असते, आणि कॅमेरा धरलेला माणूस दिवा मालवायलासुद्धा मोकळा नसतो.

मग शूट काय करायचं? रोजचंच. आमच्याकडे सकाळी कचरागाडी येते, गाणं वाजवत. आमच्यापैकी कुणाच्या कानावर पडायच्या आत ते भाच्याला ऐकू येतं. तो दोन्ही कानांवर हात दाबतो, पण फाटकाशी जाऊन उभा राहतो. ओला कचरा, सुका कचरा आपापल्या कप्प्यात पडला की हात फडफडवत परत येतो. मी कॅमेरा स्टुलावर, त्याच्या छातीच्या उंचीला ठेवतो आणि बाजूला होतो. झूम नाही, हाका नाहीत. हात फडफडवणं एडिटिंगमध्ये कापू नका, तो त्याचा आनंद आहे.

बोलणंही तसंच. भूक लागली की तो म्हणतो, ‘सेव घालू का वरून?’ अगदी जिजाजींच्या आवाजात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं, याला इकोलेलिया म्हणतात. त्यावर लगेच निवेदन चढवू नका. तेच वाक्य फिल्ममध्ये दोनतीनदा येऊ द्या, पुढे पोह्यांची बशी येऊ द्या. बघणाऱ्याला आपोआप कळतं.

तांत्रिक बाबी थोडक्यात. खिडकीचा उजेड सगळ्यात बरा. जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते; काही मुलांना तिचा त्रास होतो आणि चित्रातही पट्टे येतात. लावावीच लागली तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद. कॉलर माइक विसरा. ज्याला शर्टाचं लेबल टोचतं, तो क्लिप काय सहन करणार! रेकॉर्डर डब्यांच्या मागे ठेवा.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंग उधळत निघणारी मिरवणूक, हवी असेल तर राजवाड्यावर एकट्याने जा. शॉटसाठी त्याला गर्दीत ओढायचं नाही. आणि ‘त्याला असंच ऐकू येतं’ म्हणून कर्कश आवाज चढवायची जी फॅशन आहे, ती मला अजिबात पटत नाही. कसं ऐकू येतं ते त्याला विचारा. बोलत नसेल तर तुम्हाला ठाऊक नाही, विषय संपला.

परवानगी रोज घ्यायची. आम्ही दोन कार्डं केलीत, एकावर कॅमेरा, दुसऱ्यावर फुली मारलेला कॅमेरा. कार्ड नसलं तरी पाठ फिरवली, खोलीतून निघून गेला, म्हणजे नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की सगळी फिल्म दाखवून नव्याने विचारा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो, पण त्या पालकाची सही झाली म्हणून मुलाला विचारायचं टळत नाही.

नातेवाइकांच्या मुलाखतीत कुणीतरी ‘लशीमुळे झालं’ म्हणणारच. ते कापा. ज्या 1998 च्या लेखावरून ही हूल उठली, तो छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला. ‘आजारी’, ‘बिचारा’ हेही नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता दिव्यांगतांच्या यादीत आहे, आजार म्हणून नाही. शाळेचा बिल्ला, घराचा नंबर, दिव्यांग कार्ड फ्रेममध्ये येत नाही ना, ते एडिटिंगला बसल्यावर पुन्हा तपासा.

पहिला शो घरातच करा. दिवा चालू, आवाज कमी, दार उघडं. तो मध्येच उठून गेला तर जाऊ द्या. नको म्हणेल तो भाग त्याच रात्री काढा, आणि मूळ फुटेज वर्षवार नाव देऊन दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक मामाच्या घरी.