आधी आतड्यातल्या जंतूंना जेवू घाला

कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या बायका वजनाचं विचारायला येतात. बहुतेकींचा सूर एकच, "मॅडम, रोज दही खाते, तरी वजन हलत नाही." मी विचारते, दह्यातून जंतू पोटात गेले, पण त्यांना जेवायला काय दिलं?

हा प्रश्न मला २०१३ सालच्या एका प्रयोगाने शिकवला. अमेरिकेत सेंट लुइसमधल्या जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने अशा जुळ्या बहिणी घेतल्या, ज्यांतली एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ. दोघींच्या आतड्यातले जंतू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेल्या उंदरांवर जास्त चरबी चढली. मग दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तर सडपातळ बहिणीचे जंतू दुसऱ्या उंदरात रुजले आणि चरबी वाढेना. पण हे कधी? खाण्यात स्निग्ध कमी आणि चोथा, म्हणजे धान्य-भाज्या-फळांतला तंतुमय भाग (फायबर), भरपूर असेल तेव्हाच.

चोथा आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जंतूंना पचतो. त्यातून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर पोसतात. चोथा मिळाला नाही तर काही जंतू अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागतात. मग जंतूंच्या कवचाचे कण रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी उगाच लढाईवर राहतात. त्या चरबीतही गोळा होतात, तिथली धग इन्सुलिनचं काम बिघडवते. उंदरांत हे स्वच्छ दिसलंय. माणसाच्या वजनाला झोप, औषधं, आनुवंशिकता अशी इतर कारणंही असतात, म्हणून किलोंचं वचन मी कुणाला देत नाही.

सुरुवात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, आंबिलाने करा. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्याकडे सहज मिळते. दोन चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी उकळत्या पाण्यात ओता आणि गुठळी होऊ न देता शिजवा. ताक मात्र आंबील कोमट झाल्यावरच घाला, उकळत्यात घातलं तर ताकातले जंतू मरतात.

दुसऱ्या आठवड्यात मोडाची मटकी. मिसळीतली मटकी उत्तमच, तर्री आणि पाव आवरा. द्राक्षांचा रस काढू नका, सालासकट चावून खा. पेरूही तसाच.

सगळं एकदम वाढवू नका. मी पहिल्याच दिवशी दोन वाट्या मटकी खाल्ली आणि रात्रभर पोट फुगून जागी राहिले. जंतूंना नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो. आधी अर्धी वाटी, सोबत पाणी जास्त. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते, तिथपर्यंत महिन्याभरात पोचलात तरी चालेल. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि साध्या सर्दीला घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या कृपा करून घेऊ नका, त्या आतड्यातले चांगले जंतूही मारतात.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात. फडक्यात बांधलेली मटकी डब्यात ठेवून तो डबा जुन्या शालीत गुंडाळा.