फ्लोचार्ट काढताना या चुका टाळा

इंदूरला रामबागेत घराच्या पुढच्या खोलीत मी अकरावी-बारावीच्या आणि बीसीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. फ्लोचार्ट म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने चालेल ते चौकटी आणि बाणांनी दाखवणारी आकृती. दर वर्षी मुलं नवी येतात, ती काढतानाच्या चुका मात्र त्याच. एकेकाला वेगळं सांगून घसा बसतो, म्हणून या वेळी लिहूनच काढते आहे.

फ्लोचार्ट शेवटी काढणे

माझ्या मते ही सगळ्यात वाईट चूक. प्रोग्रॅम चालला, आउटपुट आलं, आता प्रॅक्टिकल फाईल द्यायची आहे म्हणून आदल्या रात्री पट्टी घेऊन चौकोन आखत बसायचं. असा फ्लोचार्ट म्हणजे प्रोग्रॅमची नक्कल. प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर तीसुद्धा सुवाच्य अक्षरात उतरते.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाने वर्गणीचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरवलं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने उत्साहाने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. एकेका पावतीची रक्कम टाकत जायची, पावत्या संपल्या की -१ टाकायचा, मग एकूण रक्कम दिसणार. पहिल्याच संध्याकाळी डब्यातली रोकड आणि बेरीज जुळेना. डब्यात एक रुपया जास्त. वर्गणीच्या रकमा १०१, २५१, ५०१ अशा, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की कुणाची तरी ५०१ची पावती ५०० म्हणून टाकली गेली. खजिनदार काका आरतीची वेळ होईपर्यंत पावतीपुस्तकाची एकेक स्थळप्रत तपासत बसले. एकही चूक सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच रुपया. मुलाने काय केलं? शेवटच्या बेरजेत +१ घालून टाकला. हिशेब जुळला, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी दोन गल्ल्यांच्या याद्या एकापाठोपाठ टाकून एकत्र बेरीज काढली, तर पुन्हा रुपया कमी!

"काकू, दर वेळी एक रुपया खातंय कोण?" म्हणत तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, फ्लोचार्ट दाखव. फाईलमध्ये होता, स्केचपेनने रंगवलेला. त्यावर बोट ठेवून चाल म्हटलं. समांतरभुज चौकोनात 'रक्कम घ्या'. त्याखाली आयतात 'एकूण = एकूण + रक्कम'. त्याखाली डायमंडमध्ये, म्हणजे प्रश्नाच्या तिरक्या चौकटीत, 'रक्कम -१ आहे का?' जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले, रक्कम आणि एकूण. पावत्या तीनच घेतल्या: २५१, ५०१, १०१. एकूणच्या रकान्यात २५१ आले, मग ७५२, मग ८५३. आता -१ आला. बोट आयतावर गेलं आणि तिथेच थांबलं. ८५२. त्याने पेन्सिल खाली ठेवली, मला काही सांगावं लागलं नाही. थांबायची खूण म्हणून टाकलेला -१ बेरजेत मिळवला जात होता, कारण 'संपलं का?' हे विचारायच्या आधीच बेरीज होत होती. डायमंड एक घर वर घेतला, +१ खोडला, काम झालं. दोन याद्या असल्या की -१ दोनदा जायचा, म्हणून तो +१ तिसऱ्या दिवशी उघडा पडला.

तीन पावत्या आणि दोन रकाने, पाच मिनिटांचं काम. ते आधी केलं असतं तर काकांचे दोन दिवस वाचले असते. आकडा जुळत नाही म्हणून +१, -१ घालून जुळवणाऱ्या मुलांचा मला खरंच राग येतो. ती चूक सुधारत नाहीत, झाकून ठेवतात.

हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९४७मध्ये प्रोग्रॅमची आखणी करण्यासाठी अशा आकृत्या वापरल्या, तेव्हा अमेरिकेत प्रिन्स्टनला बनत असलेलं त्यांचं यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर, तयारही झालेलं नव्हतं. त्याचं उद्घाटन १९५२मध्ये झालं. चालवून बघायला यंत्रच नव्हतं, म्हणून कागदावर चालवणं भाग होतं. आज लॅपटॉप समोर असतो आणि म्हणूनच घाई होते. कोड टाकला की फ्लोचार्ट काढून देणारी टूल्स आली आहेत. शिकण्याच्या वयात त्यांना हात लावू नका.

माझ्याकडे नियम साधा आहे. पाठकोरा कागद, पेन्सिल, खोडरबर. पट्टी बंद. सुबक आखलेली चौकट खोडायला जीव होत नाही आणि मुलं चुकीच्या चौकटीलाच चिकटून राहतात. रकान्यांतून तीन-चार आकडे फिरवून झाल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही.

डायमंडमध्ये गोंधळ

डायमंडमध्ये असा प्रश्न हवा, ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येईल. 'रक्कम तपासा' हा प्रश्न नाही. 'रक्कम बरोबर आहे का?' हाही चालत नाही, कारण बरोबर म्हणजे काय ते कॉम्प्युटरला कुणी सांगितलंय? 'रक्कम ० पेक्षा मोठी आहे का?' असं विचारा.

बाहेर पडणाऱ्या दोन्ही बाणांवर हो-नाही लिहा. माझा 'हो' कायम खाली जातो आणि 'नाही' उजवीकडे. असा काही नियम नाही, पण एकच सवय ठेवली की महिन्याने कागद काढला तरी वाचता येतो.

डायमंडांचा क्रम चुकला की काय होतं ते लीप वर्षात दिसतं. मुलं '४ने भाग जातो का?' एवढंच विचारून मोकळी होतात. २०२४ला उत्तर बरोबर येतं, म्हणून प्रोग्रॅम बरोबर! मग १९०० टाकायला सांगितलं की उत्तर 'लीप' येतं, आणि १९०० लीप नव्हतं. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग जावा लागतो, म्हणून २००० लीप आणि १९०० नाही. मी शिकवते तो क्रम असा: आधी ४००ने जातो का, हो तर लीप. नाही तर १००ने जातो का, हो तर लीप नाही. तेही नाही तर ४ने जातो का, हो तर लीप, नाही तर नाही. एकाखाली एक तीन डायमंड, जिन्यासारखे. तपासायला २०००, १९००, २०२४ आणि २०२३ ही चारच वर्षं घ्या, चारही वाटा तपासून होतात.

बाकीच्या चुका

लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, सुरू व्हायच्या आधी 'एकूण = ०' ची चौकट विसरणे. पायथन निदान एरर देऊन थांबतो. सी या भाषेत मेमरीत तिथे आधीच पडलेला कुठलाही आकडा बेरजेत येऊ शकतो.

लूपचा बाण 'एकूण = ०' वर परत आणणे. प्रत्येक फेरीत पाटी कोरी होते. बाण 'रक्कम घ्या' वर यायला हवा.

चौकटीत कोड लिहिणे. सेमीकोलन, कंस काही नको. आजोबांना वाचून कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत लिहा.

इनपुट-आउटपुट आयतात टाकणे. ते समांतरभुज चौकोनात जातं. परीक्षेत यासाठी मार्क कापले जाऊ शकतात आणि नंतर मुलं रडत येतात.

एका फ्लोचार्टला दोन 'सुरुवात'. सुरुवात एकच असते.

पान संपलं म्हणून बाण कडेकडेने फिरवून वर नेणे. दोन बाण एकमेकांना छेदले की मी कागद परत देते. छोटा गोल काढा, त्यात 'अ' लिहा, पुढच्या पानावर तसाच गोल काढून तिथून पुढे चला.