‘आधी गुगल कर’ म्हणू नका

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांचा टेलिग्राम ग्रुप चालवत असाल, तर ‘आधी गुगल कर’ हे उत्तर बंद करा. बिचाऱ्याने बहुधा गुगल केलेलंच असतं आणि हाती लागलेला असतो जुना धडा, ज्यात ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंसच नाहीत. पायथन २ या जुन्या व्हर्जनचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी तसला कोड अजून फिरतोच. पायथन ३ त्यावर सिंटॅक्स एरर (कोड लिहिण्याच्या नियमांत चूक) देतं. म्हणून आधी व्हर्जन विचारा, मग पूर्ण एरर. स्क्रीनचा फोटो नको, मजकूरच मागा. कोडच्या आधी-नंतर तीन बॅकटिक (`) द्यायला शिकवा (पिन केलेला मेसेज कोणी वाचत नाही, तरी तिथेही लिहा). नाहीतर कोडमधल्या ‘__init__’ (इनिट) भोवतीचे अंडरस्कोर टेलिग्राम गिळतं आणि अक्षरं तिरकी होतात. उत्तरात अख्खा प्रोग्राम देऊ नका. चुकलेली ओळ दाखवा.